आधी पाणी, मग झाड, मग भिंत

पुण्याच्या गणेशखिंडीतल्या विद्यापीठ आवारावर लिहिणारे बहुतेक जण मुख्य इमारतीच्या मनोऱ्यापासून सुरुवात करतात. मनोरा आहेही तसा. लांबून झाडांच्या शेंड्यांवर आधी तो दिसतो, इमारत मागून. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण मात्र पाषाणच्या तलावावर आहे. तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न आलाच, की एका आवाराच्या वास्तूंचा आणि भूदृश्याचा इतिहास तलावापासून कशाला? मी नकाशे पुढे केले, जुन्या अहवालांचे दाखले दिले, परीक्षकांचं समाधान झालं. खरं उत्तर होतं भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, कोंढ्यात, आणि ते उत्तर ज्यांचं होतं ते आमच्या गावाकडचे पाणकर आबाजी. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांना एक ओळ मिळाली. त्या ओळीत जे मावलं नाही ते इथे लिहिते आहे.

आमच्या गावाचं नाव भागात सहसा जोडीनं घेतात, कोंढा-कोसरा. मुलूख धानाचा. पावसाळ्यात नजर जाईल तिथवर बांध्या, बांध्यांच्या मधून धुरे, आणि या सगळ्याला शेवटच्या पाण्याचा आधार तलावाचा नाहीतर लहानशा बोडीचा. अश्विनात पाऊस पाठ फिरवतो आणि धान नेमका तेव्हा पोटरीला आलेला असतो. त्या पंधरवड्यात ज्याच्या बांधीत पाणी पोचलं त्याचं वर्ष तरलं. ते पाणी वाटणारा माणूस म्हणजे पाणकर. तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, कधी उघडायचं, नहरातून आधी कोणाकडे पाणी न्यायचं, टोकाच्या बांधीला किती वेळ द्यायचा, पाळीला घुशीनं पाडलेलं भोक कधी बुजवायचं, सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी चढायला लागलं तर कोणाला हाक मारायची, हे सगळं त्याच्याकडे. मोबदला धानात. आबाजी माझ्या नात्यातले नव्हते, पण अख्ख्या आळीची पोरं त्यांना आबाजीच म्हणत, आणि मी त्यांच्या मागे मागे पाळीवरून फिरायची.

या तलावांमागे मोठा इतिहास आहे. पूर्व विदर्भातले हे तलाव प्रामुख्यानं कोहळी समाजानं बांधले. चांद्याच्या गोंड राजांनी, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन द्यायची अशी रीत घातली, असं परंपरा सांगते. पुढे मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्या काळात मालगुजारी आली, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव हे नाव पडलं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि गावाच्या हाती पाण्याच्या वहिवाटीचे हक्क राहिले ते निस्तार पत्रकात लिहिलेले. मी आयुष्यात पाहिलेला पहिला जुना दस्तऐवज म्हणजे अशाच एका निस्तार पत्रकाची नक्कल. आबाजींना अक्षरओळख बेताची होती. ते मला त्यातली नोंद वाचायला सांगत आणि मग म्हणत, आता चल, ते जागेवर दाखवतो. कागदातली ओळ आणि जमिनीवरची ओळ एकमेकींशी ताडून पाहायची असते, हे मला संशोधनपद्धतीच्या कुठल्याही वर्गाच्या आधी तिथे कळलं.

एका उन्हाळ्यात तलाव आटला होता. आम्ही त्याच्या पोटातून चालत होतो, पायाखाली भेगाळलेला गाळ. पाळ एका ठिकाणी उगाचच वळलेली दिसत होती. मी विचारलं, सरळ का नाही नेली? आबाजी थांबले. म्हणाले, "बाई, बांधणाऱ्यानं पाळ वळवली म्हंजे तिथं कायतरी होतं. उगा कोनी माती वाया घालवत नाही." आम्ही जाऊन पाहिलं तर मुरमातून वर आलेला खडकाचा कणा होता. त्याला धरून पाळ फिरवली होती, म्हणजे पाया आयताच मिळाला. त्याच फेरीत त्यांनी मला तो क्रम सांगितला, जो मी पुढे कधी सोडला नाही. "पयले पानी पाय, मंग झाड पाय, मंग भित पाय." जागा समजून घ्यायची तर पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते आधी, त्या पाण्याच्या आधारानं कोणती झाडं उभी आहेत, त्यांतली लावलेली कोणती आणि आपसूक आलेली कोणती, ते नंतर, आणि माणसानं बांधलेलं सर्वांत शेवटी, कारण तो या दोघांच्या धोरणानंच बांधतो. पाळीच्या पायथ्याचे कहू आणि जांभूळ दाखवून ते सांगत की ही झाडं पाण्याचा माग धरून आलेली, आणि तो मोह मात्र पाण्याला न विचारता आलेला, त्याला कोरडं चालतं.

आबाजींचं आणखी एक शिक्षण झालं होतं, ते पवनीला. पवनी आमच्या तालुक्याचं ठिकाण, वैनगंगेच्या काठचं, तटबंदीचं, घाटांचं गाव. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप बाहेर आला. ब्राह्मी लेख असलेले खांब आले, त्यांत मुचलिंद नागराजाचं शिल्प आलं. ज्या पवनीला लोक तोवर देवळांचं आणि घाटांचं गाव म्हणून ओळखत होते, तिचं वय एकदम दोन हजार वर्षांच्या पलीकडे गेलं. आसपासच्या गावांतून तिथे मजुरीला माणसं गेली, त्यांत आबाजीही होते. पाटीनं माती वाहता वाहता त्यांनी थर वाचायला शिकून घेतलं. राखेचा थर कसा ओळखायचा, विटांचा चुरा कुठे संपतो, वाहून आलेली माती आणि माणसानं टाकलेली भर यांत फरक काय, हे ते बोटांनी चोळून सांगत. मला सायकलवर डबलसीट बसवून ते टेकडीवर घेऊन गेले तेव्हा तिथे गवत माजलं होतं, पण खड्डा कुठे होता, आधी काय लागलं, मग काय लागलं, हे त्यांना पावलांनी पाठ होतं. देव-जोशींचा पवनी उत्खननाचा अहवाल नागपूर विद्यापीठानं १९७२ मध्ये छापला. मी तो पुष्कळ नंतर वाचला. त्यातल्या थरांच्या आकृत्या मला परक्या वाटल्या नाहीत. शां. भा. देव पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले, तिथले संचालक झाले. पवनीहून पुण्याला जाणारी ती वाट माझ्या आधी कोणीतरी चालून गेलं होतं याचा मला फार आधार वाटायचा.

नागपूरला वास्तुशास्त्र शिकले. पहिल्या वर्षाची फी बाबांनी धान विकून भरली आणि त्या वर्षी घरात काय काय आणलं गेलं नाही ते आईनं मला कधी सांगितलं नाही. ते ऋण एवढ्या वाक्यात सांगून पुढे जाते, कारण त्यावर लिहायला बसले तर दुसरं काही लिहून होणार नाही.

पुण्याला निघाले तेव्हा गावात आणि नागपुरातही लोकांनी विचारलं, की आपलं विद्यापीठ सोडून तिकडचं कशाला? प्रश्न रास्त होता. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, पुण्याच्या विद्यापीठापेक्षा पाव शतकानं थोरलं. त्याआधी आमच्या भागातल्या कॉलेजांतली मुलं आधी कलकत्त्याच्या आणि मग अलाहाबादच्या विद्यापीठाच्या परीक्षा देत. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० मध्ये मृत्युपत्रानं आपली लाखांची संपत्ती विज्ञानशिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला ठेवली आणि तिच्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली. तो विषय कुणीतरी जीव ओतून करावा असाच आहे. मला गणेशखिंडीनं ओढलं याचं कारण वेगळं होतं. नागपूरला विद्यापीठासाठी इमारती बांधल्या गेल्या. पुण्याला राज्यकर्त्याच्या राहत्या घरात विद्यापीठ शिरलं. एका माणसाच्या चैनीसाठी आखलेली जमीन हजारो मुलांची कशी होते, ते पाहायचं होतं.

त्या घराची गोष्ट गणेशखिंडीत सुरू होत नाही, दापोडीत होते. मुळा आणि पवना जिथे भेटतात त्या भागात, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास सरकारसाठी बंगला घेतला आणि शेजारी वनस्पती उद्यान उभं राहिलं. १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर त्याचा प्रमुख होता. पुढे तोच मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. १८४७ ते १८५० या काळात त्यानं उद्यानातल्या झाडांची चित्रं काढून घेतली. दीडशेहून अधिक चित्रं आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत. काढणारा चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच त्याच्याविषयी कळतं. नाव नाही. त्या चित्रांच्या प्रतिकृती मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा पानांच्या शिरा आणि देठांचे सांधे ज्या निगुतीनं काढले आहेत ते पाहून मी बराच वेळ पान उलटलं नाही. गणेशखिंडीच्या बागेची पूर्वपीठिका मला त्या हातानं दाखवली. त्याला नाव घेऊन नमस्कार करता येत नाही, म्हणून इथे नाव न घेता करते.

१८६२ मध्ये सर बार्टल फ्रियर गव्हर्नर झाले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडातला, हिंगणघाटाकडचा कापूस मुंबईच्या बाजारात याच काळात गाजला, त्यासाठी रेल्वे घाईनं पूर्वेकडे सरकली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. त्या तेजीच्या भरात मुंबईची तटबंदी पडली, नव्या इमारतींच्या योजना निघाल्या, पुण्याला येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजच्या इमारतीचा पाया १८६४ मध्ये घातला गेला, आणि त्याच वर्षी गणेशखिंडीत गव्हर्नरांच्या नव्या घराचं काम सुरू झालं. दापोडीचं उद्यान १८६५ मध्ये बंद झालं. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. इटालियन वळणाची कमानदार ओवरी, उंच मनोरा, नाचघर, भोजनघर. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, मुंबईत पेढ्या बुडाल्या, आणि हे घर मात्र बांधलं जातच राहिलं, ते १८७१ पर्यंत. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आणि त्यावर टीकाही सडकून झाली. या सगळ्या हिशेबांत दगड घडवणाऱ्या पाथरवटांची नावं मला भेटली नाहीत. पण दख्खनच्या काळ्या दगडातून ज्यांनी खांबांच्या माथ्यावरची पानं-फुलं काढली ते कसलेले कारागीर होते. बेसॉल्ट किती चिवट असतो, छिन्नीला किती दाद देत नाही, हे ज्यानं तो एकदा फोडून पाहिला आहे त्याला विचारावं.

हे कागद मी मुंबईच्या पुराभिलेखागारात वाचले. ते एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, आणि त्या इमारतीचा मूळ आराखडाही ट्रबशॉ यांचाच. त्यांच्याच कमानीखाली बसून त्यांच्याच घराचे कागद वाचायचे, आणि हे माझ्या लक्षात आणून दिलं ते तिथे फायली काढून देणाऱ्या एका शिपाईदादांनी. त्यांना कोणत्या रुमालात नकाशा आहे आणि कोणत्यात नुसता पत्रव्यवहार, हे यादी न बघता माहीत होतं. दुपारी दिवे गेले की ते मला खिडकीजवळचं टेबल देत.

तोवर माझ्याकडे भिंतींची मापं होती, झाडांची यादी होती, फोटो होते. कार्तिकीला आबाजी गावच्या मंडळींबरोबर आळंदीला आले आणि परतीच्या आधी मला भेटायला विद्यापीठात आले. धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. डोळ्यांनी कमी दिसत होतं. मी त्यांना मुख्य इमारतीसमोर उभं केलं. त्यांनी मनोरा पाहिला, पायरीच्या दगडावर तळवा फिरवला, मग इमारतीकडे पाठ केली आणि विचारलं, "इथं पानी कोठून येते, बाई?" मी सांगितलं, आता महापालिकेचं. ते म्हणाले, "आताचं नाही. हे बांधलं तवाचं. एवढी हिरवळ, एवढे घोडे, एवढी मानसं. डोंगराच्या कुशीत बसवलं, पन उतार तर सारा तिकडं नदीकडं." चतुःशृंगीच्या टेकड्या दक्षिणेला आणि जमीन उतरत जाते ती उत्तरेला मुळेकडे, हे त्यांनी नकाशा न बघता, पायांना जाणवणाऱ्या उतारावरून सांगितलं होतं. मग आम्ही हळूहळू आवारभर फिरलो. ते रस्त्यांची वळणं बघत होते. आवारातल्या जुन्या वाटा वळत वळत जातात. इंग्रजी बागांची ती रीत, समोरचं दृश्य एकदम दिसू नये, वळणावर उलगडावं म्हणून. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शोभेसाठी वळवलेली वाट वेगळी, अन् अडलं म्हनून वळवलेली वेगळी. दोन्ही वेगळ्या काढ."

माझ्या कामाची मांडणी त्या दुपारी ठरली. नंतर मी आवाराचा प्रत्येक जुना रस्ता घेऊन त्याच्या वळणांना कारण विचारत गेले. काही वळणं मनोरा दिसावा म्हणून होती, काही जुन्या वडाला वळसा घालणारी, काही ओघळाला. शोभेचं वळण सैल आणि लांब असतं. अडलेलं वळण आखूड असतं आणि त्याच्या आतल्या बाजूला कारण उभं असतं, किंवा कारणाचा खड्डा तरी.

आणि पाणी. ते पाषाणहून येत होतं. बावधनच्या बाजूनं येणाऱ्या रामनदीला अडवून पाषाणचा तलाव केला गेला तो याच वर्षांत, आणि त्याचं पाणी गणेशखिंडीच्या गव्हर्नर निवासाला पुरवलं जाई. म्हणजे घराचा पाया आणि तलावाची पाळ ही एकाच योजनेची दोन टोकं. आम्ही आज विद्यापीठाच्या फाटकापाशी आवार संपलं असं मानतो. इतिहासात ते पाषाणपर्यंत पसरलेलं होतं. तलावाचं प्रकरण लिहिताना आणखी एक गोष्ट उमगली, तिचा मला आजही अचंबा वाटतो. गव्हर्नर थंडीत मुंबईला, कडक उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला राहत. बाग पाहायला मालक यायचा तो आभाळ भरून पाणी असताना. बाग जगवायची ती तो नसताना, चैत्र-वैशाखात. त्या रिकाम्या घराच्या हिरवळीवर उन्हात पाणी सोडणारी माणसं कोण होती? आमच्या पाणकरांसारखीच कोणीतरी.

त्यांच्यापैकी एकाचे वारस मला भेटले. आवारातले एक वयस्क माळीकाका, ज्यांच्या घरातल्या आधीच्या पिढीनंही इथेच काम केलं होतं. त्यांचं माझ्यावर ऋण मोठं आहे. सुरुवातीला ते दोन हात लांब राहून बोलत. मग एकदा मी त्यांना विचारलं की यातली पाखरांनी लावलेली झाडं कोणती, आणि त्यांचा चेहराच बदलला. "ताई, हे अजून कुणी विचारलं नव्हतं." पुढे कित्येक सकाळी त्यांनी माझ्याबरोबर घालवल्या. पक्ष्यानं टाकलेल्या बीचं चंदन किंवा कडुनिंब दुसऱ्या झाडाच्या सावलीत तिरकं वाढतं. माणसानं लावलेलं झाड शेजाऱ्यापासून मोजून अंतर ठेवतं. गोरखचिंच इथली नव्हे, आफ्रिकेची, तिचं खोड पोकळ होत जातं म्हणून नुसत्या घेरावरून वय सांगू नये. कोणता वड वादळात पडला आणि त्याच्या पारंबीचा खांब होऊन आता तोच वड म्हणून उभा आहे. कोणत्या विहिरीवर पूर्वी मोट चालायची असं त्यांचे वडील सांगत. हे सगळं मी त्यांच्या नावानं नोंदवलं. वनस्पतींची शास्त्रीय नावं थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशातून घेतली, बागकामाच्या पद्धती जी. मार्शल वुड्रो यांच्या पुस्तकातून. वुड्रो शेजारच्या गणेशखिंड वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते, ते उद्यान १८७३ चं. पण कोणत्या झाडाची सावली कोणत्या महिन्यात कुठे पडते हे कुकही सांगत नाही आणि वुड्रोही नाही. ते उद्यान २०२० मध्ये राज्यानं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. विदर्भातल्या आलापल्लीच्या जुन्या जंगलाला तो मान आधीच मिळाला होता. माळीकाकांना मी ती बातमी सांगितली तेव्हा ते म्हणाले, झाडं वाचतील ना त्यानं?

या जमिनीवर रक्तही सांडलं आहे. २२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून गव्हर्नर निवासात समारंभ होता. प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमानं पुणं होरपळलेलं. रात्री समारंभ आटोपून गाड्या गणेशखिंड रस्त्यानं परत निघाल्या आणि चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुस्तकांतून हा प्रसंग राजकारणाच्या बाजूनं येतो. मी तो रस्त्याच्या बाजूनं वाचला. एकच लांब वाट, दोन्हीकडे झाडी, दिव्यांच्या झगमगाटातून अंधारात येणारी गाडी. घर शहरापासून मुद्दाम दूर ठेवलं होतं, आणि त्या दूरपणानंच हल्ल्याला जागा दिली.

१० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. बाळासाहेब खेरांच्या सरकारनं हे घर आणि भोवतालची चारशे एकरांवर जमीन विद्यापीठाला दिली. मला या घटनेचं मोल फार वाटतं. स्वातंत्र्यानंतर अशा घरांतून मंत्री राहू शकले असते. इथे मुलं आली. जिथे मेजवान्या झाल्या त्या इमारतीतल्या दालनाला आज संत ज्ञानेश्वर सभागृह म्हणतात आणि तिथे मी, कोंढ्याच्या धानवाल्याची मुलगी, माझ्या संशोधनावर बोलले. जयकरांच्या नावाचं ग्रंथालय उभं राहिलं. विभाग आले, वसतिगृहं आली, रस्ते रुंद झाले, काही ओघळ बुजले. पुढच्या सगळ्याच बांधकामांबद्दल मला चांगलं लिहिता आलेलं नाही. कित्येक इमारती उताराला पाठ करून उभ्या आहेत आणि पहिल्या मोठ्या पावसात त्यांच्या तळघरांना ते कळतं.

एका वास्तूनं मात्र मला पुन्हा पाळीवर नेऊन उभं केलं, ती आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची. जयंत नारळीकरांच्या पुढाकारानं १९८८ मध्ये संस्था सुरू झाली आणि तिचं आवार चार्ल्स कोरियांनी आखलं. खाली इथलाच काळा बेसॉल्ट, वर कडप्पा, त्याच्या वर चकचकीत काळा ग्रॅनाइट, म्हणजे भिंत वर जाता जाता काळोख गडद होत आकाशाला मिळते. मधोमध कुंड, पायऱ्या उतरत जाणारं. ट्रबशॉनं दगड वापरला तो इथलाच, पण रूप इटलीचं घेतलं. कोरियांनी त्याच दगडाला तळ्याच्या पायऱ्यांचं रूप दिलं. मला विचाराल तर त्या आवारातली ही सर्वांत विचारी वास्तू आहे, कारण ती जमिनीपासून सुरू होते. त्या कुंडाच्या पायरीवर बसून मी शेवटच्या प्रकरणाचा खर्डा लिहिला.

प्रबंध पुरा झाला त्या वर्षाच्या आधीच आबाजी गेले. बांधणी होऊन आलेली एक प्रत मी त्यांच्या घरी नेली. त्यांच्या सुनेनं ती देवाजवळ ठेवली, आणि नातवानं रात्री बसून तलावाचं प्रकरण वाचून काढलं. तो म्हणाला, ताई, हे पुण्याच्या तलावाचं झालं. आपल्या तलावांचं कोण लिहीन?

आमच्या तालुक्याचं पाणी आता वेगळ्या वाटेनं येतं. वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ मध्ये बसली, धरण झालं, कित्येक गावं उठली, कालवे खणले गेले. कालव्याचं पाणी आलं तिथे तलावांकडे पाहायची गरज कमी झाली, पोटात गाळ चढला, बेशरमीची झुडपं माजली, कुठे पाळीवर घरं आली. कालव्याचा नकाशा सरकारकडे आहे. तलावाच्या पाण्याचा नकाशा माणसांच्या डोक्यात आहे आणि ती माणसं वयानं थकली आहेत. म्हणून गणेशखिंडीत जे केलं तेच आता मी इकडे करते आहे. नागपूरचे वास्तुशास्त्राचे काही विद्यार्थी सोबत असतात. आधी तलावात येणारे ओढे आणि बाहेर जाणारे नहर, मग पाळीवरची झाडं, मग तुडूम आणि सलंग यांचे दगड. निस्तार पत्रकातली नोंद एका बाजूला, जागेवरचं माप दुसऱ्या बाजूला. प्रत्येक वळणापुढे एक रकाना आहे, कारण लिहिण्यासाठी. मुलं पहिल्या दिवशी दगडाच्या बांधकामाकडे धावतात, त्यांना मी ओढ्याच्या मुखाशी नेते. गावातल्या म्हाताऱ्या बायका येऊन सांगतात की अमुक घाटावर कपडे, तमुक घाटावर गुरं, आणि तेही नकाशावर चढतं.

पाण्याची पाळी आता आबाजींचा नातूच पाहतो. तुडुमाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली आहेत, त्यांची मापं अजून राहिली आहेत. होळीनंतर पाणी उतरेल, तेव्हा टेप आणि चार पोरं घेऊन या, असा त्याचा निरोप आहे.